चौदा मार्चची ओळ

मित्रांनो, मला बघून नाक मुरडू नका. आज माझ्या अंगावर चुलीची काजळी आहे, एक कोपरा पाण्यानं फुगलाय, आणि माझ्या आडोशाला सिंधुबाईच्या कोंबड्या बसतात. पण मी एक जुना फळा आहे, आणि तोही बेरीज-वजाबाकीचा नव्हे बरं का. मी दिनविशेषाचा फळा!

धारूरच्या एका सुतारानं मला घडवलं. भगवानराव गुरुजींनी मला सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि घाट चढून आमच्या वाडीच्या शाळेत आणलं. व्हरांड्यात, घंटेच्या शेजारी मला जागा मिळाली. वार, दिनांक, सुविचार, दिनविशेष ही अक्षरं माझ्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं कायमची लिहिली. त्यांच्यापुढची जागा खडूची, रोज नवी. सकाळी परिपाठाला पोरं रांगेत बसली की एक जण माझ्यासमोर उभं राहायचं आणि खड्या आवाजात मला वाचायचं.

सतरा सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, तीन जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, कधी कुठल्या शोधाचा दिवस तर कधी कुठल्या लढाईचा. वाडीत कुणाला ठाऊक नसेल ते मला ठाऊक असायचं. गर्व होता मला, खोटं कशाला बोलू? आणि एक खोडही होती. शिळी तारीख मला अंगावर क्षणभर खपायची नाही. काल गेलं ते गेलं, पुसा मला आधी, असं मी रोज सकाळी मनात ओरडायचो.

आमच्या शाळेत एक गंमत होती. गंमत कसली म्हणा. रजिस्टरात निम्म्याहून जास्त पोरांचा जन्म एकाच दिवशी झालेला, एक जूनला! नाव घालायला आलेल्या आईबापाला जन्मतारीख विचारली की उत्तर यायचं, "त्या साली लई पाऊस झालता बगा." आता पावसाची तारीख कुठून आणायची? मग गुरुजी पेन उचलायचे आणि एक जून लिहून टाकायचे. शाळा जूनमध्ये सुरू होते ना, म्हणजे वयाचा हिशोब सोपा.

दीपमालाचंही तसंच झालं. तिचे आईबाप, वनिता आणि शहादेव, दर साली दिवाळी झाली की ऊस तोडायला कारखान्याला जायचे. वनिता म्हणाली, "गुरुजी, कारखान्याचा भोंगा वाजला आन् ही झाली. पाचटाच्या कोपीतच. तारीख कुणाला ध्यानात हाय!" पोरगी दिसायला पाच-सव्वापाचची. पहिलीत घ्यायचं तर सहा पुरी हवीत. पण औंदा पटावर नाव नाही चढलं तर ही दिवाळीला आईबापाबरोबर जाणार आणि उसाच्या फडात तान्ह्या भावाला सांभाळत बसणार, हे गुरुजींना कळत होतं. त्यांनी तिची सहा वर्षं पुरी केली आणि पुढं एक जून लिहिलं. मायेनंच लिहिलं हो. त्यात वाईट काय होतं, असं तेव्हा मलाही वाटलं.

चौथीत आली तेव्हा दीपमालाचं अक्षर सगळ्या शाळेत देखणं झालं होतं. मला लिहायचं काम तिच्याकडे आलं. एक दिवस खडू हातात धरून ती म्हणाली, "गुरुजी, माझा वाढदिवस फळ्यावर कवा येनार?"

"तुझा एक जून आहे ना."

"तवा तर शाळा बंद असती. मग आमचं नाव कवाच यायचं न्हाई का?"

संध्याकाळी गुरुजींनी वनिताला फोन करून खोदून खोदून विचारलं. कोणता भोंगा? रोजचाच का? वनिता म्हणाली, "न्हाई वो, त्या दिशी लई येळ वाजत व्हता. कारखाना बंद झाला त्याचा." गुरुजींनी टाळी वाजवली. हंगामाच्या शेवटच्या दिवसाची नोंद कारखान्यात असणारच! त्यांनी तिथल्या कारकुनाला गाठलं आणि त्या सालची तारीख काढली. चौदा मार्च.

त्या वर्षी मागं राहिलेल्या पोरांच्या दोन्ही वेळच्या जेवणाची सोय शाळेत झाली होती, म्हणून दीपमाला मार्चात वाडीतच होती. त्या सकाळी तिनं आधी लिहिलं, 'अल्बर्ट आइन्स्टाइन यांचा जन्म, १८७९.' आणि त्याच्याखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरात, 'दीपमाला शहादेव हिचा जन्म.' परिपाठाला तिनंच ते वाचलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सिंधुबाई, म्हणजे शाळेत खिचडी शिजवणारी बाई, तिनं गुळाचा खडा तिच्या तोंडात घातला. मित्रांनो, इतकी वर्षं मी थोरामोठ्यांची नावं मिरवली, पण त्या दिवशी माझी छाती जी फुगली ती पुन्हा कधी फुगली नाही.

गुरुजी म्हणाले, "आता रजिस्टरातही दुरुस्ती करून घेऊ. तालुक्याला अर्ज द्यावा लागेल. बघू पुढच्या महिन्यात." तो पुढचा महिना काही आला नाही.

दुसऱ्या दिवशी दीपमाला ओलं फडकं घेऊन आली. "राहू दे की गं आजचा दिवस," गुरुजी म्हणाले. ती थांबली. आणि मी काय केलं? माझी जुनी खोड! मनात म्हटलं, पुस की पोरी, आज पंधरा तारीख आहे. ती नियमाची पक्की. तिनं पुसलं. वरचे आइन्स्टाइन तर पुस्तकात सुखरूप होते. खालची ओळ मात्र जगात दुसरीकडे कुठंच नव्हती.

पुढं गुरुजी निवृत्त झाले, आणि दोन वर्षांपूर्वी वारले. शाळेत मोठा टीव्ही आला, दिनविशेष सरांच्या मोबाइलवर येऊ लागला. माझा खिळा निघाला आणि मी स्वयंपाकखोलीत येऊन पडलो. रागावलो नाही असं म्हणणार नाही. पण खरं दुःख त्याचं नाही.

यंदा मे महिन्याच्या अखेरीस दीपमाला आली. मधलं एक वर्ष फडात वाया गेलेलं, तरी अकरावी झालेली, धारूरच्या कॉलेजात. शाळेला सुट्टी होती, पण नवे सर कागदपत्रं करायला आले होते आणि सिंधुबाईच्या चुलीपाशी चहाला बसले होते. शहादेवनं तिचं लग्न ठरवलं होतं, दोन जूनला. ऊसतोडीला एका कोयत्याला दोघं लागतात, नवरा आणि बायको. म्हणजे लग्न झालं की दिवाळीनंतर तीही फडात.

"सर, मला अजून अठरा न्हाईत," ती म्हणाली. "मार्चात व्हतील. तवर बारावीची परीक्षाबी व्हईल. मी वडलांना सांगितलं तर ते म्हनतात, दाखला काढ. दाखल्यावर एक जून हाय, म्हंजे परवा-तेरवा मी अठरा पुरी! माझी खरी तारीख गुरुजींनी हुडकली व्हती. मी माझ्या हातानं फळ्यावर लिवली व्हती."

सर भले माणूस. त्यांनी कपाळाला हात लावला. "दीपमाला, रजिस्टर सांगेल तेच मला द्यावं लागतं. मी बालविवाहाची तक्रार केली तरी तुझे वडील हाच दाखला पुढं करतील. काही लिहिलेलं आहे का कुठं?"

"आई काय म्हणती?" सिंधुबाईनं विचारलं.

"आई म्हनती, कागदावर हाय तेच खरं. तुजा बाप मला इचारून करतोय व्हय."

मग ती माझ्याकडे आली. कोंबड्या हुसकल्या, ओढणीनं माझ्यावरची काजळी पुसली आणि वाकून बघत राहिली. जणू एखादी वेलांटी तरी उरली असेल. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी गावभर ओरडलो असतो. पण माझ्यावर काहीच नव्हतं. हजारो तारखा झेलल्या मी, आणि जी एक जपायची होती तीच पुसा म्हणालो.

ती रडली नाही. चुलीतला एक विझलेला कोळसा तिनं उचलला. पण काळ्या फळ्यावर कोळसा कसा उमटणार? सरांनी खिशातून खडू काढून दिला. तिनं लिहिलं, 'चौदा मार्च. दीपमाला शहादेव हिचा जन्म.' अक्षर तसंच देखणं.

"काय लिवलंस गं?" सिंधुबाईला वाचता येत नाही.

"माझा वाढदिवस."

सिंधुबाईनं डोळ्याला पदर लावला, आणि फडकं उचलून दूर फेकलं.

आज दोन जून. वाडीतून वाजंत्री ऐकू येतेय. मित्रांनो, घरी जा आणि आईला विचारा, मी कधी जन्मलो, कधी जन्मले. भोंगा सांगू दे, पाऊस सांगू दे, काहीही सांगू दे. ते शोधा आणि शाईनं लिहून ठेवा, रजिस्टरात लिहून घ्या, पुढच्या महिन्यावर टाकू नका. आणि कधी या शाळेत आलात तर मला पाणी लावू नका. माझ्यावर आजची तारीख नाही, चौदा मार्च आहे. असू द्या.