सर आरशात बघत होते

सर, तुम्ही खोटं लिहिलंत. परीक्षेच्या कागदावर, निळ्या शाईनं, स्वतःच्या सहीच्या वर. आणि साक्षीदार म्हणून माझं नाव घेतलंत, मला न विचारता.

मित्रांनो, दचकू नका. मी एक जुना आरसा आहे. माणसाएवढा उंच, लाकडी चौकटीतला, खालच्या कोपऱ्यात तडा गेलेला. सध्या एका कराटेच्या वर्गात समोरच्या भिंतीवर असतो. आपली गोष्ट सांगताना जुन्या वस्तूनं गोड बोलावं अशी अपेक्षा असते. मला ते जमणार नाही. चाळीस वर्षं मी लोकांना जसं आहे तसं दाखवत आलोय, आता या वयात गोड बोलायला कुठं शिकू?

काचेच्या कारखान्यात माझा जन्म झाला. पाठीला लेप चढवताना एका कामगाराचा अंगठा लागला, तो डाग वरच्या बाजूला अजून आहे. नीट बघितलं तरच दिसतो. एका सुतारानं चौकट ठोकली आणि मी एका शिंप्याच्या दुकानात आलो. सगळे त्या शिंप्याला मास्तर म्हणत. दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागात, पडद्याआड, गिऱ्हाइकं माझ्यासमोर नवे कपडे घालून बघत. पोट आत ओढून उभी राहत. मास्तर तोंडात टाचण्या धरून म्हणत, "श्वास सोडा साहेब, घरी गेल्यावर सोडणारच आहात." ते दिवस चांगले होते. मास्तर रोज सकाळी मला ओल्या कागदानं पुसत.

दुकानात काज करायला आणि बटणं लावायला एक बाई होती. मास्तर तिला काजवाली म्हणत, मीही तेच म्हणतो. एके दिवशी ती पडद्याआड आली आणि तिनं बाही वर केली. मनगटावर चार बोटांचे आणि एका अंगठ्याचे निळे वळ होते. तिनं ते माझ्यात बघितले, बाही खाली केली आणि काज करायला बसली. कोणी धरलं होतं, कुठं धरलं होतं, हे तिनं कधीच सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात रद्दीवाल्याकडून तिनं एक पुस्तक आणलं.

कराटेचं पुस्तक होतं ते. कुठल्या तरी परक्या लिपीतलं. अक्षर एक कळेना, पण पानोपानी फोटो होते. दुपारी मास्तर जेवून कापडाच्या ताग्यांवर डोकं टेकत, तेव्हा काजवाली ते पुस्तक स्टुलावर उघडून ठेवी आणि माझ्यासमोर उभी राही. फोटोतला माणूस करी तसं करी. मग माझ्यात बघून आपली आकृती त्याच्या आकृतीशी जुळवी. सात वर्षं. मित्रांनो, सात वर्षं रोज अर्धा तास.

एकदा तिची लाथ चुकली आणि टाच माझ्या कोपऱ्यावर बसली. आवाजानं मास्तर उठले.

"फुटला?"

"थोडासा."

"तू का तो?"

मग त्यांनीच मोजायच्या टेपचा जुना तुकडा कापून माझ्या तड्यावर चिकटवला. तेव्हापासून माझ्या कोपऱ्यात एक ते अकरा आकडे आहेत. वर तिला सराव करायला एक विजार शिवून दिली, मांडीत जादा तुकडा घालून. "पाय एवढा वर टाकणार तर शिवण आधी मजबूत पाहिजे," म्हणाले.

आता माझा गुन्हा सांगतो, कारण दुसऱ्याचा सांगायचा तर आधी आपला सांगावा. तुमच्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचा डावा हात तुमच्या उजव्या बाजूला असतो. फोटोतला माणूस तिच्याकडे तोंड करून उभा होता. तो डावा हात पुढे करी, तर माझ्यातली आकृती त्याच्याशी जुळायला हिला उजवा पुढे करावा लागे. सात वर्षं ती सगळं उलट्या बाजूनं शिकली. तिच्या मागच्या पायाची टाचही चुकीची पडत होती. त्यानं गुडघा आत वळे, आणि संध्याकाळी दुकान बंद करताना ती लंगडे. समोरून टाच दिसत नाही, त्यामुळे मला कळलं नाही. कळलं असतं तरी काय? मी दाखवतो, सांगत नाही. मला तोंड नाही.

तोंड होतं मास्तरांना. एक दिवस म्हणाले, "काजवाले, आता कुणाला तरी दाखव हे. स्वतःच्या मनानं शिकलेला शिंपी मी लगेच ओळखतो. बाही सुंदर लावतो, पण गिऱ्हाइकाचा हात वर होत नाही."

"मला घेतील का वर्गात? वय काय माझं."

"वय विचारलं तर सांग, कापडाला वय नसतं, ते फक्त आटतं."

ती गेली. दुसऱ्या दिवशी हसतच दुकानात आली. वर्गात रांगेत उभं राहून काता करायचा होता, काता म्हणजे ठरलेल्या क्रमानं करायच्या हालचाली. सगळे डावीकडे वळले, ही उजवीकडे. शेजारच्या मुलीच्या कपाळावर कपाळ आपटलं.

"सरांनी विचारलं, बाई, हे कुठं शिकलात? मी म्हटलं, आरशात. सगळा वर्ग हसला, मास्तर. माझं नाव आरसेबाई ठेवलंय."

"आणि गुडघा?"

"तेच सांगतेय. सरांनी दोन बोटांनी माझी टाच अशी फिरवली. बस, दोन बोटांनी. सकाळपासून दुखला नाही."

हे मी मुद्दाम सांगतोय, सर. सात वर्षांत मला जे जमलं नाही ते तुम्ही दोन बोटांत केलंत. बिनगुरूचं शिकणं आणि वर्गातलं शिकणं यात फरक असतो तो एवढाच, दोन बोटांचा. पण तो फार मोठा असतो. तुम्हाला तो माहीत होता. म्हणून तर राग येतो. अडाणी माणसावर मी एवढा चिडलो नसतो.

पुढे मास्तरांना सुईत दोरा ओवता येईना. दुकान बंद झालं. शिलाई मशीन भंगारात गेलं, मला मात्र त्यांनी काजवालीला दिलं. तिच्या घराच्या दारातून मी आत जाईना. तुम्ही तिला एकदा म्हणाला होता, वर्गात एक आरसा हवा. तिनं आणि तिच्या नणंदेनं मला गोधडीत गुंडाळलं आणि हातगाडीवरून तुमच्याकडे आणलं. रस्ताभर नणंद कुरकुरत होती, "वहिनी, लोक फुलं नेतात सरांना. तू चौकट नेतेस."

मी भिंतीवर चढलो आणि तिथंच घोटाळा झाला. जुनी मुलं सांगत, आधी सर रांगेतून फिरायचे, खांदे सरळ करायचे, टाचा फिरवायचे. मी आलो आणि तुम्ही माझ्याकडे तोंड करून शिकवायला लागलात. मुलं मागं, तुम्ही पुढं, आणि मधे कोणी नाही. सुरुवातीला माझ्यातून मुलांना बघत होता. मग आपल्या ठोशाकडे बघायला लागलात. मग केसांकडे. एका कोपऱ्यात टेपचे आकडे दिसतात म्हणून तिथं ढालींचं कपाट आणून ठेवलंत. मी लाकडी चौकटीतली काच आहे सर, मला तुमच्या मिशीची एवढी ओळख नको होती.

काजवाली शेवटच्या रांगेत उभी राही. आपली बाजू बदलायची म्हणजे सात वर्षं उसवून पुन्हा शिवायची. शेवटच्या रांगेचा एक फायदा असतो, पुढच्यांच्या पाठी दिसतात, आणि पाठमोऱ्या माणसाचा डावा तो डावाच असतो. पण माझ्यात नजर गेली की तिचा जुना गोंधळ परत येई. मग ती वर्गाच्या अर्धा तास आधी यायला लागली. झाडून घेई, चटया पसरी आणि माझ्याकडे पाठ करून काता करी.

मित्रांनो, तेव्हा मी पहिल्यांदा तिची टाच पाहिली. रुळावर ठेवल्यासारखी सरळ पडत होती. डावीकडे वळण, डावं पाऊल, मग बाकीचं सगळं. माझ्याकडे पाठ केल्यावरच ती बरोबर शिकली, हे मला लागायला हवं होतं. लागलं नाही. चार वर्षं मी तिची पाठ बघितली आणि तिच्या एका चुकीची वाट बघत राहिलो. शेवटच्या वर्षी एकही आली नाही.

यात तिचं काय अडलं होतं तेही ऐका. मास्तरांचं दुकान गेल्यावर ती कपड्यांच्या कारखान्यात लागली. नणंदही तिथंच. तिथल्या अकरा बायका तिला म्हणाल्या, आम्हाला शिकव. पाळी सुटल्यावर कँटीन रिकामं असतं, तिथं शिकव. मॅनेजर म्हणाला, "कागद आणा. उद्या कोणाचा हात मोडला तर मी काय सांगू, बटणं लावणाऱ्या बाईनं मोडला?" कागद म्हणजे तुमच्या सहीचा. तपकिरी पट्टा मिळाला की नवशिक्यांना शिकवायची परवानगी त्याच कागदावर असते. तिला पट्टा नको होता. कागद हवा होता.

परीक्षेच्या दिवशी तिचा नंबर शेवटचा. नणंद दाराशी चपलांच्या फळीजवळ बसली होती. तुम्ही टेबलापाशी होता. पाहुणे यायचे होते, त्यांच्यासोबत फोटो काढायचा होता. काजवाली मधे आली, ओढणी कमरेला खोचली, वाकली आणि उभी राहिली. आणि तुम्ही उठून माझ्याकडे आलात.

माझ्यासमोर उभं राहून तुम्ही पट्ट्याची गाठ सोडलीत आणि पुन्हा बांधलीत. ती नीट बसली नाही, म्हणून पुन्हा सोडलीत. मग बोट ओलं करून भुवया बसवल्यात. तुम्ही इतके जवळ होता की माझ्यात तुमच्याशिवाय काही मावत नव्हतं. तुमच्या कानाच्या वर, अंगठ्याच्या त्या जुन्या डागाखाली, एवढीशी फट होती. त्या फटीतून मी तिला बघत होतो. तुम्ही तुमचा कान बघत होता.

तिनं काता पूर्ण केला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. चटईवर पाय पडल्याचा आवाज तेवढा येत होता. तुम्ही न वळता म्हणालात, "बस." टेबलाशी गेलात आणि लिहिलंत. मोठ्यानं वाचूनही दाखवलंत, "सुरुवात उलट्या पायानं. अनुत्तीर्ण."

ती म्हणाली, "सर, मी डावा टाकला."

"आरसेबाई, जुनी सवय आहे. जात नाही."

"सर, तुम्ही बघत होता का?"

मोठी मुलं आपापल्या पट्ट्यांकडे बघायला लागली. त्यातल्या चौघांनी तिचं पाऊल पाहिलं होतं. माझ्यात त्यांचे चेहरे दिसत होते, एकेकाचे सांगू शकतो.

तुम्ही म्हणालात, "आरशात बघत होतो. मला आरशात सगळं दिसतं."

दाराशी नणंद उठली. "ओ सर, डावाच होता की. मी इथनं बघितला."

"बाई, तुम्हाला यातलं काय कळतं? चपलांपाशी बसा."

"डावा-उजवा कळतो मला. चपला रोज घालते."

कोणी हसलं नाही. तेवढ्यात पाहुणे आले. फोटो निघाला. त्यात मीही आहे, तुमच्या पाठीमागं. तुमची पाठ दिसतेय माझ्यात.

काजवाली त्यानंतर आली नाही. महिन्याभरानं नणंद तिची विजार न्यायला आली, ती मांडीत जादा तुकडा घातलेली. तुम्ही माझ्यासमोर भांग पाडत होता. ती म्हणाली, "वहिनी आता म्हणते, उजवाच टाकला असेन. सर कशाला खोटं लिहितील. घरी रोज बसल्या बसल्या पाय हलवून बघते, कुठला पडला होता म्हणून." तुम्ही म्हणालात, "पुढच्या वर्षी बघू."

"अकरा जणी थांबायच्या नाहीत, सर. फोनवर बघून शिकायला लागल्यात. कारखान्याच्या बाथरूममध्ये आरसा आहे ना, त्याच्यासमोर. एकीचा गुडघा सुजलाय. वहिनीला म्हटलं, अगं जाऊन टाच तेवढी फिरव तिची. तर म्हणते, मला येत नाही असं लिहून दिलंय, मी कुठल्या तोंडानं जाऊ."

तुम्ही कंगवा खिशात ठेवलात.

मित्रांनो, बाथरूमचा तो आरसा मला ओळखीचा नाही. पण तो काय करतोय हे मला ठाऊक आहे. तो अकरा जणींना उलटं शिकवतोय आणि एकीचीही टाच त्याला दिसत नाही. त्याला दोष देऊ नका. तो काच आहे.

आता मला कोणी पुसत नाही. चौकटीला बुरशी लागलीये, ढालींच्या कपाटामागं टेपचा तुकडा सुटलाय. माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. तुम्ही मोठे होऊन कोणाला काही शिकवाल, पोहायला, शिवायला, सायकल चालवायला, तेव्हा फक्त एवढं करा. त्याच्याकडे तोंड करा. तो काय करतोय ते डोळ्यांनी बघा. आणि बघितलं नसेल तर नाही बघितलं म्हणा.

सर, तुम्ही रोज संध्याकाळी येऊन माझ्यासमोर उभे राहता. आजही राहाल. त्या दिवशी माझ्यात सगळं दिसत होतं म्हणालात ना? मग दुसरं काही विचारत नाही. काता सुरू झाल्यावर तिचं तिसरं वळण कुठल्या बाजूला होतं? त्या वळणावर तिची ओढणी कमरेतून सुटली, ती तिनं कुठल्या हातानं खोचली? तिनं डोळे मिटले होते, ते कधी उघडले?

एवढंही दिसलं नसेल तर पहिलं पाऊल कसं दिसलं? सांगा.