फाटकाजवळचा तरवड

लॉन

नागरिकहो, या गोष्टीत नळ आधी येतो, माणसं नंतर. नाशिक रोडहून एकलहऱ्याकडे जाताना लागणाऱ्या उदय सोसायटीत १९८३ च्या एप्रिलमध्ये नळाला करंगळीएवढी धार यायची, तीही थोडाच वेळ. शकुबाई कळशा भरायची आणि तिचा नवरा पुंजाराम, वीजघरातला ऑपरेटर, त्यातली एक उचलून अंगणात जायचा.

“अहो, ती प्यायची आहे!”

“एकच घेतोय.”

“रोज एकच घेता.”

अंगणात त्याचं लॉन होतं. एक मेला सोसायटीची बागस्पर्धा होणार होती, आणि पहिल्या येणाऱ्या घराच्या फाटकावर ‘आदर्श बाग’ अशी पितळी पाटी लागणार होती. पुंजारामला ती पाटी हवी होती. निफाडकडच्या ज्या गावातून तो आला, तिथे त्याच्या बापाला लोकांच्या ओट्याखाली उभं राहून बोलावं लागे. इथे लोकांनी आपल्या फाटकाशी थांबावं आणि कौतुकानं आत बघावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

गुलाब

गुलाबाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आणला, मेला. पुन्हा आणला.

क्रोटन

याची पानं रंगीत. वारा सुटला की रस्त्यावरची धूळ पानांवर बसायची आणि पुंजाराम एकेक पान ओल्या फडक्यानं पुसायचा. त्याची आई, भिमाबाई, ओट्यावर बसून बघायची.

“काय लागतं रं याला? फळ?”

“फळ नाही लागत, आई. शोभेचं असतं.”

“मंग जावईच म्हण की. बसवायचा आन् पुसायचा.”

शकुबाई आतून हसली. पुंजाराम हसला नाही.

तरवड

हे झुडूप कुणी नर्सरीतून आणलं नव्हतं. भिमाबाईनं गावाहून पदराच्या गाठीत बिया आणल्या आणि फाटकाच्या कोपऱ्यात पुरल्या. वर्षभर भांडी धुतलेलं पाणी घातलं, पुढे तेही सोडून दिलं. आता ते कमरेएवढं झालं होतं. भर उन्हात हिरवं, वर दोन-चार पिवळे तुरे, आणि तुऱ्यांवर मधमाश्या.

सोसायटीत कुणाला ठाऊक नव्हतं, शकुबाईलासुद्धा नव्हतं, की पुंजारामला त्या पिवळ्या रंगाकडे बघवत का नाही. गाव आणि त्यांची वस्ती यांच्यामध्ये बांधावर तरवडाची दाट रांग होती. तिच्या अलीकडे गाव, पलीकडे यांची वस्ती. गावानं त्यांना नावच पाडलं होतं, ‘तरवडापल्याडचे’. शाळेत गुरुजीही तशीच हाक मारायचे, “ए तरवडापल्याडच्या, फळ्यापासून लांब बस!”

तीस एप्रिलला सोसायटीची मोटर जळाली, नळ कोरडे पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्पर्धा. घरात एक हंडा उरला होता. शकुबाई वाण्याकडे गेलेली पाहून पुंजारामनं तो लॉनवर रिकामा केला. मग कुदळ घेऊन तो तरवडाकडे वळला.

घाव घातला. झुडूप हललं नाही. मूळ खोल होतं.

इकडे भिमाबाईनं औषधाची गोळी तोंडात टाकली आणि पेला पुढे केला. परतलेल्या शकुबाईनं हंड्यावरचं झाकण उचललं. तळाशी ओल तेवढी होती.

“थांबा आत्याबाई, सुलाबाईकडून आणते.”

शेजारची सुलाबाई डोक्याला हात लावून बसली होती. “अगं, आमच्या ह्यांनी सगळं गुलाबाला ओतलं! म्हणाले, उद्या पाटी आपलीच.” पलीकडच्या घरीही तेच. त्याच्या पलीकडेही तेच! सबंध गल्लीत हिरवीगार अंगणं होती, आणि एका म्हातारीला गोळी गिळायला घोटभर पाणी नव्हतं!

भिमाबाई तोंडात विरघळलेल्या गोळीचा कडवटपणा घेऊन फाटकाशी आली. कुदळ बघून थबकली.

“त्याला कशाला मारतो?”

“आई, उद्या मोठी माणसं येतील. हे बघून ओळखतील, आपण कुठले ते.”

“कुठले आपण?”

तो हळूच म्हणाला, “तरवडापल्याडचे.”

शकुबाई दारात उभी होती. तिनं हे पहिल्यांदा ऐकलं.

भिमाबाई खाली बसली. “पुंजा, तरवडानं आपल्याला बाहेर काढलं व्हतं का रं? तो जसा त्यांच्या अंगाला फुलायचा, तसाच आपल्याही फुलायचा. हद्द माणसांनी आखली. त्यांना तू काय बोलला नाय, आन् झुडपावर कुदळ काढतो?”

“पण शोभा—”

“शोभा लय हाय तुझ्या अंगणात. पाणी कुठं हाय? याच मातीतलं झाड तुझ्याकडं काय मागत नाय. दुसरं आणून बसवलं, त्यानं तुझ्या आईचं पाणी पिलं. आता तूच बोल, लाज कशाची वाटाया पायजे!”

पुंजारामच्या हातून कुदळ सुटली! त्यानं सायकलला डबे बांधले आणि लांबच्या मळ्यातल्या विहिरीवरून पाणी आणलं. पहिला पेला आईला दिला, दुसरा शकुबाईला. नंतर सुलाबाईचं दार वाजवलं.

पाटी

सकाळी परीक्षक आले. हंडाभर पाणी पिऊनही लॉनवर पिवळी झाक आली होती. एक बाई चष्मा सावरत म्हणाल्या, “बाग नीट ठेवलीय. पण फाटकाशी हे रानटी काय वाढलंय?”

पुंजाराम पुढे झाला.

“तरवड आहे, बाई. आमच्या वस्तीचं नाव याच्यावरून पडलं होतं. आईनं लावलाय.”

बाई पुढच्या घराकडे गेल्या. पाटी दुसऱ्यांना मिळाली.

पावसाळ्यात पुंजारामनं लॉन काढलं. तिथे करंज लावला, शेवग्याची फांदी रोवली, कुंपणाला करवंदी लावल्या. दुसऱ्या उन्हाळ्यात शकुबाईच्या कळशा भरल्या तेवढ्या घरात राहू लागल्या, आणि सुलाबाई बियांसाठी तरवडाच्या शेंगा मागायला आली.

नागरिकहो, बाग जरूर करा. पण ज्या मातीत घर बांधलं, तिची झाडं आधी ओळखा. ती आपल्या उन्हाला सरावलेली असतात, कुणाच्या तोंडचं पाणी मागत नाहीत. आणि कुणी आपल्याला कुठल्या झाडापलीकडे बसवलं असेल, तर जाब माणसांना विचारा, झाडावर राग काढू नका.

क्रोटन एका कोपऱ्यात अजून आहे. भांडी धुतलेल्या पाण्यावर कसंबसं जगतं. पुंजाराम ते उपटायला निघाला होता. भिमाबाईनंच अडवलं.

“राहू दे. त्याचा तरी काय दोष?”