सरांचा खोकला

"आता सरांचा तो गाजलेला सूर आपण संपूर्ण शांततेत पाहणार आहोत," सेक्रेटरींनी माईकवरून जाहीर केलं. "हीच आपली स्तब्धता, हीच श्रद्धांजली. कृपया कोणी बोलू नये, टाळी वाजवू नये, खोकूसुद्धा नये."

लोक हसले. मला हसू आलं नाही.

सरांना जाऊन वर्ष झालं होतं. डायव्हिंगच्या तलावाला त्यांचं नाव द्यायचं म्हणून सकाळी दहालाच तीनशे माणसं जमली होती. मी व्यासपीठावर, सरांच्या मोठ्या फोटोशेजारी. माझ्या बाजूला काकू, सरांच्या पत्नी. समोर पाण्यापलीकडे दहा मीटर उंच प्लॅटफॉर्मची शिडी, आणि ती चढत असलेली माझी शिष्या, भिंगरी. सोळा वर्षांची आहे. हवेत इतकी भरभर फिरते की खऱ्या नावाने तिला कोणी हाकच मारत नाही.

आता मी जे सांगते आहे ते बावीस वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं.

सरांचा सूर म्हणजे अडीच कोलांट्या. वरून खाली यायला दोन सेकंदसुद्धा लागत नाहीत. तेवढ्यात अंगाचं मुटकुळं करून फिरायचं आणि नेमक्या क्षणी उघडायचं, म्हणजे हात आधी पाण्यात जातात. तो क्षण कोणता, हे बाकीच्यांना फिरता फिरता पाणी दिसून कळतं. मला छत कुठे आणि पाणी कुठे, काही म्हणजे काही कळायचं नाही. सर म्हणाले, "तू नुसती फिर. मोजतो मी." सरावात ते काठावरून "हा!" म्हणून ओरडायचे आणि मी उघडायचे. स्पर्धेत ओरडायची सोय नव्हती. सूर सुरू झाल्यावर बाहेरून मदत झाली, तर गुण शून्य. म्हणून सर खोकायचे. एकदाच, कोरडं. माझं सुवर्णपदक त्या खोकल्यावर आलेलं आहे.

लोकांना वाटायचं, क्लोरीनने बिचाऱ्यांची छाती गेली. आज भाषणांत तिघांनी डोळे पुसत सांगितलं की, छातीचं दुखणं असूनही सरांनी एक दिवस सराव चुकवला नाही. काकू माझ्याकडे झुकून पुटपुटल्या, "घरी कधी खोकलेले आठवत नाहीत गं मला." मी घाईने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

आणि मी पुढे काय दिवे लावले? प्रशिक्षक झाले आणि भिंगरीला तेच शिकवलं. मला स्वतःलाच हवेत मोजता आलं नाही, तर तिला कुठून शिकवणार? तीन वर्षं तलावाच्या डाव्या कोपऱ्यात उभी राहून मी नजरेच्या अंदाजाने खोकते आहे. आजही तिथेच उभं राहू द्या म्हणून सेक्रेटरींच्या मागे लागले होते. "छे छे मॅडम, तुम्ही प्रमुख पाहुण्या!" म्हटलं, असू दे. एवढ्या गर्दीच्या कुजबुजीत एक खोकला कोणाच्या लक्षात येणार? आणि आता या गृहस्थांनी ती कुजबुजच बंद करून टाकली होती. माझ्यापुढे माईक, तोही चालू.

बरं, लाज गेली तर जाऊ दे, खोकून टाकू, असं मनाशी ठरवलंही. तेवढ्यात पहिल्या रांगेत घशातली शिट्टी वाजली. माझ्या पदकाच्या दिवशी मला सगळ्यांत जास्त गुण देणारे म्हातारे पंच तिथे बसले होते. त्यांचा दमा मात्र खरा होता. रुमाल तोंडावर दाबून ते खोकला दाबत होते, आणि दाबलेला खोकला कधी उसळेल हे कोण सांगणार?

मी एकोणीस वर्षांची असताना सरावात कोणीतरी बादली आपटली होती. तो आवाज मला सरांचा वाटला आणि मी उघडले. त्या उंचीवरून पाणी फरशीसारखं लागतं. रक्त ओकले, अकरा दिवस अंथरुणावर होते. पोटावर पडले म्हणून वाचले. मानेवर पडले असते तर आज प्रमुख पाहुणी दुसरीच कोणी असती.

भिंगरी टोकाशी येऊन उभी राहिली. अंगठे कडेवर रोवले, हात वर घेतले. सगळे उठून उभे राहिले. खुर्च्यांचे आवाज थांबले आणि वरच्या पंख्याची घरघर तेवढी उरली. मी घसा साफ करायला गेले, तर घशाला कोरड पडलेली. आवाजच फुटेना.

पंच खोकले. ती अजून वरच होती, देवाची कृपा. पण त्यांची छाती पुन्हा भरून येताना मला दिसत होती, आणि वर तिचे गुडघे वाकायला लागले.

"थांब! भिंगरे, थांब! उतर खाली!"

माईकमुळे सगळा हॉल दणाणला. ती टोकावर डगमगली, हात पसरून सावरली, मागे सरकली. सेक्रेटरी धावत आले.

"काय झालं मॅडम?"

"पाय... तिचा पाय घसरत होता."

"एवढंच ना? पुसून घेतो. मग पुन्हा."

पुन्हा! पुन्हा तीच शांतता, तेच पंच, तीच पोरगी. तेव्हा मात्र माझा धीर सुटला आणि मी सगळं सांगून टाकलं. माझं पदक, सरांचा खोकला, माझा खोकला. माईक चालूच होता. बोलताना फोटोकडे बघायची माझी छाती झाली नाही.

आता जी शांतता पसरली ती कोणी मागितलेली नव्हती. पंचांनी रुमाल हळूच खिशात ठेवला आणि ते खाली बसले. काकू एवढंच म्हणाल्या, "तरीच." मग त्यांनी आपली खुर्ची थोडी फोटोच्या बाजूला सरकवली, माझ्यापासून दूर.

भिंगरी शिडी उतरून तरातरा माझ्यासमोर आली.

"ताई, हे काय केलंत तुम्ही?"

"तुझी मान मोडली असती गं! ते खोकले असते आणि तू..."

"मी नाही ऐकत खोकला."

"म्हणजे?"

"मी स्वतः मोजते. सहा महिने झाले. तुम्ही हल्ली उशिरा खोकता, ताई. दोनदा आपटता आपटता वाचले, तेव्हापासून तुमच्याकडे लक्ष देणंच सोडलं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

मला बसावंसं वाटलं, पण मी केव्हाच खाली बसले होते. ज्या माणसाने मला घडवलं, त्याला त्याच्याच फोटोपुढे, त्याच्या बायकोच्या देखत उघडं पाडलं होतं, आणि तेही कारण नसताना. शिवाय सहा महिने ही पोरगी मला सांभाळून घेत होती.

"मी वर जाते," ती म्हणाली. "सरांसाठी आलेय, ते करूनच जाणार. तुम्ही फक्त गप्प बसा."

ती पुन्हा चढली. कोणी स्तब्धतेची घोषणा केली नाही. मागे लोक आपापसांत बोलत होते, पंच मोकळेपणाने खोकत होते, दार वाजत होतं. प्रत्येक आवाजाला मी दचकत होते. तिच्यावर विश्वास होता का? नव्हता. भीती जरासुद्धा कमी झाली नव्हती. मी दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबले.

तिचे पाय सुटले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी कोलांट्या मोजायला लागले.

दोनवर मी चुकले. ती चुकली नाही.