भिंतीतलं दुसरं भोक

“भिंतीला एक भोक आहे ना? मग दुसरं कशाला हवंय तुम्हाला?” संचालकांनी सहीचा कागद पुन्हा पुढे सरकवला.

“केबली दोन आहेत, साहेब,” डबलराव म्हणाले.

“मग? एका भोकातून गेल्या तर भांडतात का एकमेकींशी?”

“भांडत नाहीत. एकदम मरतात.”

डबलराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण या टीव्ही वाहिनीत सव्वीस वर्षं काढल्यावर खरं नाव फक्त हजेरीच्या यंत्राला ठाऊक उरलं होतं. वाहिनीवर दिसणारी प्रत्येक चित्रफीत ज्या डिस्कांवर राहते, त्या साठवणीचं नवं जाळं त्यांनी आखलं होतं. डिस्कांची दोन कपाटं, तीही दोन खोल्यांत. स्विच दोन, विजेच्या लाइनी दोन, आणि तिथून प्रक्षेपण कक्षापर्यंत केबली दोन, एक निळी आणि एक लाल. यातलं कुठलंही एक मेलं तर दुसऱ्याने निमूट काम पुढे न्यायचं आणि प्रेक्षकाला सुतक लागू द्यायचं नाही. आराखडा इतका देखणा होता की ज्यांना तो समजला नाही त्यांनीही माना डोलावल्या.

डबलरावांचा मात्र कागदावर विश्वास नव्हता, स्वतःच्या तर नव्हताच. सही करण्याआधी त्यांनी शिडी घेतली, निळ्या केबलीवर हात ठेवला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. मग लालवर हात ठेवून गेले. अख्ख्या इमारतीत एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या या दोघी कॉरिडॉरच्या भिंतीपाशी गळ्यात गळे घालून एकाच भोकातून पलीकडे जात होत्या.

“एकच भोक पाडलं कोणी?” संचालकांनी विचारलं.

“गवंड्याने. त्याला एकच पाड म्हणून सांगणारा मी. चूक माझीच आहे.”

“मग निस्तरा की!”

“निस्तरतो. पण दुसरी वाट तुमच्या केबिनमधून जाते.”

संचालकांनी आपल्या नव्या भिंतीकडे पाहिलं. तिचा रंग त्यांनी सपत्नीक निवडला होता.

“अकरा दिवसांनी निवृत्त होताय ना? पुढे काही झालं तर तुम्हाला कोण विचारायला येणार आहे?”

“तेच म्हणतोय, साहेब. विचारायला मी नसेन.”

“ठीक आहे. आराखड्यावरून तुमचं नाव काढतो आणि दुसऱ्या कोणाची तरी सही घेतो.”

“घ्या,” डबलराव म्हणाले. “दुसरं कोणी असलेलं बरंच.”

आराखड्यावर नाव येण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती. आधीच्या सगळ्या आराखड्यांवर साहेबलोकांची नावं होती. तरी ते खुर्चीवरून उठले नाहीत आणि त्यांनी पेनही उचललं नाही.

संचालकांनी उपअभियंता बाईंना बोलावलं. बाईंनी कागद वाचला, डबलरावांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “करते की. यांनी केली की लगेच करते.”

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. त्या घरात किल्ल्यांचे जुडगे दोन, बॅटऱ्या दोन, चष्मेही दोन.

“अहो, सगळ्याला जोडी ठेवलीत. माझीच तेवढी नाही ती?”

डबलरावांनी प्रश्नाचा गांभीर्याने विचार केला.

“तू बंद पडत नाहीस,” ते म्हणाले.

चौथ्या दिवशी संचालकांच्या केबिनमध्ये भोक पडलं. लाल केबल तिथून गेली. डबलरावांनी तिच्यावर हात ठेवून पुन्हा एक फेरी मारली आणि मग सही केली. संचालकांनी भोकापुढे वाहिनीला मिळालेली ढाल टांगली आणि आठवडाभर डबलरावांशी फक्त चिठ्ठीतून बोलले.

शेवटच्या दिवशी दुपारी, दोनच्या बातम्या चालू असताना, कॉरिडॉरच्या त्याच भिंतीवर सुतार ‘शांतता राखा’ अशी पाटी बसवत होता. त्याचं ड्रिल भिंतीत जरा जास्तच आत गेलं.

यंत्रांच्या खोलीत एक हिरवा दिवा तांबडा झाला. डबलरावांनी पडद्याकडे पाहिलं. पुलाचं उद्घाटन चालू होतं. पाहुण्यांच्या कात्रीने फीत कापली जात नव्हती. दुसरी कात्री आणली गेली, फीत कापली गेली, टाळ्या झाल्या. चित्र कुठे अडखळलं नाही.

ते संचालकांकडे गेले. “साहेब, निळी केबल तुटली.”

“अरे देवा! बातम्या बंद पडल्या?”

“नाही.”

“मग सांगायला कशाला आलात?”

डबलराव बाहेर आले आणि त्यांनी घरी फोन लावला.

“दोनच्या बातम्या बघितल्यास?”

“बघितल्या की. कुठल्याशा पुलाचं होतं काहीतरी.”

“मध्ये काही झालं?”

“कुठे काय? काहीच नाही झालं. अहो, काही व्हायला हवं होतं का?”

“नाही, नाही,” डबलराव म्हणाले. “परत एकदा सांग.”

“काय सांगू? काही झालं नाही!”

त्यांनी फोन खिशात टाकला आणि शिडी उचलली. निरोपाचा चहा चारला होता. आता सव्वादोन वाजले होते, आणि लाल एकटीच होती.