बर्फातली बाटली

हिरामणला मारायला निघालेले सगळे भले लोक होते, म्हणूनच मला त्यांचा जास्त राग येतो.

१९६३ साल. माझ्या नवऱ्याचं, हिरामणचं, अंग स्वतःचंच रक्त नासवू लागलं होतं. मुंबईच्या इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. रक्त सुधारलं, पण त्याच गोळ्यांनी रोगाशी झुंजायची त्याची ताकदही मारली. महिन्याभरात ताप चढला, धाप लागली. मोठे डॉक्टर म्हणाले, "गोळ्या कमी पडताहेत. शुक्रवारपासून दुप्पट करू."

तिथल्या प्रयोगशाळेत कर्णिक नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, एक विषाणू असतो, धडधाकट माणसाच्या अंगात गुपचूप पडून राहतो आणि अंग दुबळं झालं की डोकं वर काढतो. तो निघाला तर गोळ्या वाढवणं म्हणजे हिरामणला बुडवणंच. "लघवीतल्या पेशींत कळेल. सकाळची ताजी आणा."

हिरामण दर्यापलीकडे मांडव्याला घरी अंथरुणाला खिळलेला. बुधवारी मी एकटीच बाटली घेऊन गेले. बाईंनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"पेशी पार आक्रसल्यात. यात काय घातलंत?"

"मीठ. नासू नये म्हून. चिमूटभरच."

मासळी टिकवायची तर मीठ, हे मला जन्मापासून ठाऊक. माझ्याच हाताने मी माझ्या माणसाचा एक दिवस घालवला होता. स्वतःचे हात तोडावेसे वाटले.

"उद्या बर्फात आणा," बाई म्हणाल्या. "पण गोठू देऊ नका."

बर्फ! मग हे आधी सांगायला काय झालं होतं? आमच्या होडीत रोज असतो.

गुरुवारी पहाटे माझा धाकटा दीर शिवदास मासळी घेऊन भाऊच्या धक्क्याला निघाला होता. माझ्या हातात बाटली बघून आडवा उभा राहिला.

"वयनी, होडीच्या बर्फात मूत? न्हाय जमायचं. दर्या कोपंल."

"पुनवेला त्याला नारळ देतोस, तेव्हा भावाचं आयुष्य मागतोस ना? मग आता भावाचं मूत जड झालं?"

"गिऱ्हाइकाला कळलं तर मासळी कोन घेल?"

"मासळी विकतं कोन? मी. माझ्या पाटीत मी काय ठेवन ते मला विचारायचं न्हाय."

तो वल्ह्याकडे वळला. कोलंबीला बर्फ थेट लागू नये म्हणून आम्ही गोणपाट घालतो, तसंच मी बाटलीला फडकं गुंडाळलं, वर गोणपाट आणि भोवती बर्फ. त्या पाटीत मासळी एकही ठेवली नाही.

इस्पितळाच्या दारात शिपायाने नाक दाबलं. "मच्छीची पाटी आत नाय न्यायची."

"वास माझा हाय, रोग हितला हाय. बाजूला हो."

झाला बाजूला.

कर्णिकबाईंनी गाळ काढला, रंग चढवला. मी दाराशी जमिनीवर बसून राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी बोलावलं. "या, बघा."

मी डोळा लावला. एक फुगलेली पेशी, मधोमध गडद गोळा आणि भोवती पांढरं कडं.

"पुस्तकात याला घुबडाचा डोळा म्हणतात."

घुबड मी कधी जवळून पाहिलं नव्हतं. पण मासळी ताजी की शिळी हे मी रोज डोळा बघूनच ठरवते. "डोळा खोटं बोलत न्हाय," मी म्हटलं. "आता डॉक्टरला दाखवा."

मोठे डॉक्टर स्वतः येऊन पाहून गेले. या विषाणूवर औषध नाही, म्हणाले. मग 'दुप्पट' खोडून त्यांनी गोळ्या हळूहळू कमी करायच्या असं लिहिलं. त्यांचं तोंड आंबलेलं होतं. राहू दे, मी त्यांना खूश करायला दर्या ओलांडला नव्हता.

पुढे दर गुरुवारी बाटली जायची. दुसऱ्या खेपेला शिवदासने न सांगता बर्फात कोपरा मोकळा ठेवला. हिरामणचा ताप मात्र सोळा दिवस हटला नाही. त्या दिवसांत मिठाच्या बरणीला हात लावायचीच मला भीती वाटायची.

सतराव्या दिवशी तो उठून बसला. कालवणाचा एक घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ घालायला इसरलीस काय गं?"

मी बरणी त्याच्यापुढे आपटली आणि घर गोळा होईल एवढ्या मोठ्याने रडले.