माझा घाट कुठला?

मी एक जुना फोटो आहे. कुठला, कधीचा, ते मात्र विचारू नका, कारण माझाच मेला गोंधळ आहे!

मित्रांनो, मला एवढंच आठवतं: नदीचा घाट, होडीची वाट बघणाऱ्या बायका, शेजारी देऊळ आणि "हलू नका!" असं ओरडणारा एक माणूस. पुढे कित्येक वर्षं मी एका खोक्यात गप्प पडून होतो. मग कुणीतरी मला इंटरनेटवर चढवलं आणि माझे हाल सुरू झाले. इथे मी सायगॉन शहराचा, तिथे होई आनचा. कुठे पुराचा, कुठे चक्क लग्नाचा! इतकी बारशी झाली, की मी प्रत्येक नावाला ओ देत सुटलो.

एके दिवशी ह्वे शहराजवळच्या एका गावात डिएम नावाच्या मुलीने मला मोबाईलवर पाहिलं आणि ती किंचाळलीच, "न्हान, हा आपला घाट! आपण लहान असताना पुलासाठी पाडला तो!"

दुसऱ्या दिवशी शाळेत गावाच्या इतिहासाचं प्रदर्शन होतं, आणि त्या घाटाचा एकही फोटो गावात कुणाकडे नव्हता.

"डोळे तपास, बाई," तिची मैत्रीण न्हान म्हणाली. "आपलं देऊळ डावीकडे, ह्यात उजवीकडे. शिवाय दहा ठिकाणी सायगॉन लिहिलंय."

"दहाही ठिकाणी तेच वाक्य, चुकांसकट! एकाने लिहिलं, नऊ जणांनी उचललं." पण देवळाच्या मुद्द्यापुढे डिएमचंही काही चालेना. ती हिरमुसली. माझाही जीव खालीवर.

सोमवार, म्हणजे शाळेत पारंपरिक पोशाखाचा दिवस. दोघींच्या अंगात शाळेचा पांढरा लांब झगा, आओ याय. निसटलेलं बटण लावायला डिएमचा हात काखेकडे गेला आणि तिथेच थांबला.

"न्हान, आपली बटणं कुठल्या बाजूला?"

"उजव्या. आजीपणजीपासून उजव्याच."

"मग ह्या बायकांची डावीकडे कशी?"

"सगळ्याच वेंधळ्या असतील!"

"वेंधळ्या नाहीत गं. फोटो उलटा आहे!"

तिने मला आरशातल्यासारखं फिरवलं. देऊळ टुणकन डावीकडे! मला तर गरगरलंच. इतकी वर्षं मी उलटा, आणि एकालाही कळू नये?

पण डिएम तेवढ्यावर थांबली नाही. सुलटा मी कुठे आहे का, ते तिने धुंडाळलं. एका ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर माझी मूळ प्रत सापडली. त्या प्रतीच्या पाठीवर ह्याच गावाचं नाव होतं. साल नव्हतं.

"टाक की एखादं," न्हान म्हणाली. "कोण बघतंय?"

"बघणार नाहीत, उचलतील! मग ह्याचं पुन्हा बारसं."

प्रदर्शनात माझ्याखाली तिने लिहिलं: 'आपला घाट. साल माहीत नाही.' आणि मी कुठे सापडलो, तेही.

मित्रांनो, माझं वय मला अजून ठाऊक नाही. पण मी परक्या गावचा नाही, एवढं कळलं. कधी भेटलो, तर माझं नाव ठेवण्याआधी माझ्यातल्या माणसांकडे नीट बघाल ना? आणि नाहीच कळलं, तर ती जागा रिकामी ठेवा. रिकाम्या जागेत मी सुखाने वाट बघेन.