फळ्यावरचा क्रम पुसला त्या दुपारी

मी एक जुनी प्रेस मशीन आहे. माझ्याखाली पत्रा सरकवा, पायाने पट्टी दाबा; मी ऐंशी टनांचा ठोसा मारते आणि डब्याचं झाकण तयार! माझा आवाज आणि स्वभाव पाहून कामगारांनी मला ‘कजाग’ म्हणायला सुरुवात केली. खरं सांगू? मला ते आवडायचं.

कारखान्यात प्रेस मी एकटीच आणि माझ्या मागे कामं डझनभर. त्यामुळे रोजची हाणामारी! ‘आधी माझं’ म्हणत माणसं एकमेकांची गचांडी धरत. एकदा तर कोणीतरी पाना फेकला आणि वेल्डरचं डोकं फुटलं.

मग मला चालवणाऱ्या काकांची पुतणी कामांचा क्रम लावायला आली. तिने प्रत्येक काम फळ्यावर मांडलं: वेळ किती लागेल, द्यायचं कधी, साचा कोणता. मग ती शेजारशेजारच्या दोन कामांची अदलाबदल करून बघे. एकूण उशीर घटला तर नवा क्रम ठेवी, नाहीतर पुसून टाकी. एका साच्याची कामं शक्यतो पाठोपाठ येत, कारण साचा बदलायलाच पाऊण तास जातो. याहून चांगला क्रम कुठेतरी असेलही, पण डोकी फुटायची थांबली.

मालकाच्या मेहुण्यालाही रांगेत थांबावं लागे; ते त्याला खुपलं. एका दुपारी तो आला आणि त्याने तळहातानेच फळा पुसला.

“माझं काम मधे घाल. वीस मिनिटांचं तर आहे!”

“वीस मिनिटं नुसत्या ठोशांची,” पुतणी म्हणाली. “आणि साचा दोनदा बदलायचा, ते कोण मोजणार?”

“गणित मला शिकवू नकोस. काका, साचा बसवायला चार बोल्ट कशाला? दोनच आवळा.”

“काका, नका ऐकू त्याचं!”

“जाऊ दे गं, कटकट नको,” काका म्हणाले आणि त्यांनी दोनच आवळले.

सातव्या ठोशाला साचा सरकला. तो सावरायला काकांनी हात घातला, पण पाय पट्टीवरच होता. मी खाली आले. हाडं मोडताना मला कळली. रक्त माझ्या पायापर्यंत ओघळलं.

पुतणीने मला बंद केलं आणि पाना उचलून मेहुण्याला भिंतीवर दाबलं. ती त्याचं डोकं फोडणारच होती.

“सोड त्याला!” काका किंचाळले. “आधी माझा हात काढ!”

तिने पाना टाकला. रडत रडत माझं चाक उलटं फिरवलं आणि मला वर उचललं. काकांची तीन बोटं माझ्याखालीच राहिली.

मित्रांनो, घाई झाली तर मला बंद ठेवा. उशीर होऊ द्या, बोलणी खा, पण बोल्ट चारही आवळा. एकदा पट्टी दाबली की मला मधे थांबता येत नाही. दया मलाही येते, पण खाली आल्यावर.